हिराजीदादांची बाव

हिराजीदादा रोज सकाळी बागेचं फाटक उघडलं की आधी विहिरीवर जायचे. चपला लांब काढायचे, दोरी बांधलेला पितळी तांब्या आत सोडायचे आणि घोटभर पाणी तोंडात धरून डोळे मिटून उभे राहायचे. लगेच गिळायचे नाहीत. मग मान हलवून म्हणायचे, "गोर हाय." म्हणजे गोड आहे. त्यानंतरच त्यांचा हात झाडांच्या पाइपाला लागायचा.

मी उद्यान खात्यातला कारकून. परळच्या चाळीत वाढलो, आता इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहतो. पाणी नळाला येतं किंवा येत नाही, एवढंच मला पाण्याबद्दल ठाऊक. दादा बागेला लागूनच असलेल्या मोरवा गावचे, आणि त्या बागेचे माळी. नवीन असताना मी त्यांना चिडवलं होतं, "दादा, काल गोड होतं ते आज काय कडू होणारे?" रोप जगेल की मरेल हे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायेब, यका अंगाला खारी, दुसऱ्या अंगाला मिठागर. मधी ही यकटीच गोर. रोज ईचारायला नको?" खाडीला ते खारी म्हणायचे, आणि त्यात चूक तरी काय होती.

माणसंही ते याच मापाने मोजायचे. नवा साहेब आला, सगळ्यांशी हसून बोलला, की आम्ही खूश. दादा म्हणायचे, "दिसतो गोर. भरती येवदे, मंग सांगतो." भरती आली की बहुतेक साहेब खारट निघायचे. माझ्याबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

ती विहीर बागेच्या कितीतरी आधीची. गावातल्या लग्नांची हळद त्या पाण्यात कालवायची आणि जाणाऱ्या माणसाच्या तोंडात शेवटचा घोट तिथलाच घालायचा, असा मोरव्याचा रिवाज. दादा रिटायर झाले तरी चाखायला यायचं काही सोडलं नाही. फाटक आता दुसरा माळी उघडायचा, एवढाच फरक.

मग बागेचा नवा आराखडा आला. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट. नकाशात विहिरीच्या जागी नुसता एक गोल होता आणि त्यात कारंजं. हरकती आणि सूचना मागवल्या तेव्हा अर्जांचा ढीग पडला. त्याचा गोषवारा टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडे. त्यात दादांचा अर्ज होता, वहीच्या पानावर, थरथरत्या अक्षरात: 'आमची बाव राखा. बाकी काय पन करा.'

आता हे सांगायलाच हवं. माझ्याशी बोलताना दादा 'विहीर' म्हणायचे. ऑफिसची भाषा ती. घरचा शब्द ते घरीच ठेवायचे. पण हा अर्ज जिवाच्या आकांताने लिहिलेला होता, म्हणून त्यात घरचा शब्द आला. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकला. वरच्या अर्जात बाग, खालच्या अर्जात बाग, मग ही बाव कुठून आली? मी 'बाव'चं 'बाग' केलं. वर, गरिबाचं शुद्धलेखन सुधारल्याचं समाधानही वाटलं. मोठ्या साहेबांनी शेरा मारला, 'बाग राखतच आहोत. मागणी मान्य.' तसं पत्र माझ्याच हाताने गेलं.

चार दिवसांनी दादा पिशवीभर पेरू घेऊन आले. "सायेब, काम झाला." अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचणारा माणूस, त्याला पत्रात जे हवं होतं तेच दिसलं. गावातल्या बायका फाटकावर धरणं धरून बसणार होत्या, त्यांना दादांनीच घरी पाठवलं. "लेखी दिलाय," म्हणाले. ते पेरू मी खाल्ले.

काम सुरू झालं आणि विहिरीवर लोखंडाची जाळी पडली. दादा प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र घेऊन धावले. ठेकेदाराच्या सुपरवायझरने ते शांतपणे वाचून परत दिलं. "चाचा, इसमें बाग लिखा है. बाग तो है ना?"

ते तसेच ऑफिसात आले. पत्र माझ्या टेबलावर ठेवून त्या शब्दावर बोट टेकवलं. "ह्या काय लिवलाय?"

"बाग."

"आन मी काय लिवला व्हता?"

मी फाइल काढली. वहीचं पान काढलं. "बाव," मी वाचलं. "बाव म्हणजे?" मी विचारलं.

"इहीर, सायेब."

"दादा, मला वाटलं तुमच्याकडून चुकून... मी सुधारलं ते."

"तुमी सुधारला," ते म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. पत्र तिथेच ठेवून ते निघून गेले.

माझी चूक मी लेखी कबूल केली. तीन मजले चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. तोवर विहिरीवर काँक्रीटचा स्लॅब ओतून झाला होता. शेवटी दोन गोष्टी मिळाल्या. स्लॅबमध्ये साफसफाईसाठी एक लोखंडी झाकण ठेवलं आणि त्याची चावी माझ्याकडे आली. आणि 'स्थानिकांच्या भावना लक्षात घेऊन' फाटकापाशी फायबरची एक विहीर बसवली, वर खोटा रहाट. लोक तिच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. मी आता त्याबद्दल कोणाशी बोलत नाही. थकलो. जिने चढायचेही सोडले.

दादांनी बागेत परत पाऊल ठेवलं नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी त्यांची सून ऑफिसात आली. हातात तोच पितळी तांब्या. "बाबांनी खाना-पिना सोरलाय. बावीचा पानी मागतान." मी चावी घेतली. गंजलेलं झाकण आम्ही दोघांनी मिळून उचललं, तांब्या सोडला, वर ओढला आणि मोरव्याला गेलो.

दादा खाटेवर वाळलेल्या फांदीसारखे पडले होते. सुनेने चमच्याने पाणी घातलं. त्यांनी ते गिळलं नाही. डोळे मिटून तोंडात धरलं, रोजच्यासारखं. आम्ही वाट बघत राहिलो. मग घोट खाली गेला, त्यांनी डोळे उघडले आणि मला शोधलं.

"गोर हाय, सायेब," ते म्हणाले.

संध्याकाळी ते गेले.

बागेतून निघताना त्या तांब्यातला एक घोट मी घेतला होता. पाणी खारट झालं होतं.