भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

चैत्याकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात होते. पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहिले. चारच दिवसांपूर्वी गंजाडला त्यांच्या घरी मी एक गोष्ट कबूल करायला गेले होते... ती राहूनच गेली.

लाल बावटा घेऊन तलासरीपर्यंत पायी हिंडलेला हा माणूस, मी शिक्षिका म्हणून गंजाडला आले त्याच वर्षी पंचायत समितीचा सभापती झाला. पहिल्याच आठवड्यात पाण्यासाठी मोर्चा आला, तर काका जुन्या सवयीने खुर्ची सोडून खाली उतरले आणि पंचायत समितीच्या नावाने घोषणा देऊ लागले. कुणीतरी म्हणाले, "काका, सभापती तर तुम्हीच." मग हसत हसत स्वतःच निवेदन घेतले आणि पाड्यावर विहीर होईपर्यंत स्वस्थ बसले नाहीत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण हट्टी! वार्षिक परीक्षेच्या दिवशीच बंद पुकारला. मी हात जोडले, तरी ऐकले नाही. पुढच्या निवडणुकीत मी रागाच्या भरात दुसऱ्या पक्षाला मत दिले.

आणि काका पडले, तेही थोडक्या मतांनी. दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सगळा पाडा जमला. चळवळीचे निर्णय पहिल्यापासून सर्वांदेखत हात वर करूनच व्हायचे. काकांचा पुतण्या दिनेश, पक्षाचा तडफदार कार्यकर्ता, उठून म्हणाला, "ज्यांनी आपल्याला मत दिलं त्यांनी हात वर करा. बाकीचे कोण ते कळू दे." याच लोकांत राहायचे, यांचीच मुले शिकवायची. शेजारच्या बायकांचे हात वर गेले आणि माझाही खोटा हात उचलला गेला... तेवढ्यात काका उभे राहिले.

"हात खाली घ्या. पेटीत टाकलं ते टाकलं, ते इथं नाय विचारायचं. जमीनदाराला भ्यायचं नाय म्हणून आपल्या आज्यानं बावटा धरला. आता लोकांनी आपल्याला भ्यायचं?"

दिनेश तणतणत बाहेर गेला. त्यानंतर सभेत हात वर करायची वेळ आली की काका आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसत आणि मोजायला दुसऱ्याला सांगत. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "माझं तोंड बघून हात वर जातात, बाई."

त्या शेवटच्या भेटीत मी सुरुवात केली, "काका, तुम्ही पडलात त्या वर्षी मी..." त्यांनी थकलेला हात हलवून मला थांबवले. "चिकू खा, बाई. गोड हाय." त्यांना ठाऊक होते का? मला वाटते, होते. आणि इतकी वर्षे त्यांनी मला ते जाणवूही दिले नाही.

गेल्या आठवड्यात, काकांच्या पश्चात, ग्रामपंचायतीचा उमेदवार ठरवायला समाजमंदिरात सभा झाली. दिनेशने स्वतःचेच नाव सुचवले. विरोधात कोण, असे विचारायची वेळ आली तेव्हा तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला... मग त्याने काकांची खुर्ची उचलली, भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसला.

मी हात वर केला.