पिंपाजवळचं वळण

गेल्या पावसाळ्यात सांगलीत होड्यांच्या शर्यतीला आमच्या गावची होडी उतरली, तेव्हा तिच्यात मीही होतो. तिशी गाठली होती आणि वल्हं पहिल्यांदाच हातात धरलेलं. आमचं गाव आष्ट्याच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. तिथली पोरं चालायला लागली की पाण्यात उतरतात. मी मात्र घरातला पहिला शिकणारा. "त्याला नदीवर न्यायचं न्हाई, त्याचा अभ्यास हाय," असं आईनं सगळ्या गल्लीला बजावून ठेवलेलं. पोहायला शिकलो तेही विहिरीत, पाठीला भोपळा बांधून.

होडीतला उजवीकडचा शेवटचा गडी सैन्यात आहे. शर्यतीला महिना उरला असताना त्याची रजा रद्द झाली आणि आप्पांनी माझं नाव सुचवलं.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे नावाडी. पलीकडच्या काठावरच्या हायस्कूलला आम्हाला त्यांचीच नाव न्यायची. पाऊस असला की माझं दप्तर ते स्वतःच्या पोत्याच्या खोळीखाली घ्यायचे. म्हणायचे, "पोरगं भिजलं तर वाळंल, पुस्तक वाळत न्हाई." पुढे पूल झाला आणि नाव बंद पडली. पाण्यावरचं एकच काम त्यांना उरलं, शर्यतीच्या होडीचं सुकाणू. वीस-बावीस वर्षं ते दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं नव्हतं.

मी साताऱ्याला सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. महिनाभर दर शनिवारी दुपारची एसटी धरून गावी यायचो आणि सरावाला बसायचो. तळहाताला फोड आले. पोरं हसायची. "साहेब, ही फाईल न्हवं, जरा वाकून वढा!" पण त्या हसण्यात मान होता. शिकलेला माणूस आपल्या होडीत बसतो, याचंच त्यांना अप्रूप होतं.

आप्पांनी पहिल्याच दिवशी एक नेम सांगितला होता. "दमलास तर वल्हं भाईर काढायचं आन् मांडीवर आडवं घ्यायचं. त्यात लाज न्हाई. मला कळतं, ही बाजू एका हातानं कमी झाली. त्या हिशोबानं मी सुकाणू फिरवतो. फकस्त खोटं वल्हं मारायचं न्हाई." मी मान हलवली.

मान हलवणं मला फार लवकर जमलं होतं. शाळेत गुरुजी "समजलं का?" विचारायचे, की सगळ्यांत आधी माझा हात वर. सांगलीच्या कॉलेजात पहिलं वर्षभर इंग्रजीतलं काही डोक्यात शिरत नव्हतं, तरी मी मान हलवत बसायचो आणि खोलीवर येऊन एकटा झगडायचो. आपल्यावर एवढ्यांची आशा आहे, तेव्हा "येत नाही" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, हे मी स्वतःला शिकवलं होतं. त्यानं माझं भलंही झालं.

शर्यतीच्या दिवशी नदी भरून चालली होती. दोन्ही घाट आणि पूल माणसांनी गच्च. खाली मध्यधारेत एक रंगवलेलं पिंप बांधलेलं होतं. ते डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा आणि परत घाटाला यायचं. वळताना होडी फिरवायची ती उजव्या बाजूच्या गड्यांनी, म्हणजे आम्ही.

पिंपापर्यंत आम्ही पहिले होतो. दहा-बारा हातांवर आलो आणि माझ्या दंडांतलं बळ संपलं. छातीत नुसती आग. वल्हं मांडीवर घ्यायचं मला आठवलं, नाही असं नाही. पण काठावर अख्खं गाव उभं होतं, आई होती. मी वल्हं तसंच मारत राहिलो. वर उचलायचं, पाण्याला टेकवायचं, मागं आणायचं. पाणी मात्र ओढत नव्हतो. मी शेवटच्या जागेवर, माझ्यामागं फक्त आप्पा, आणि आप्पांची नजर पिंपावर.

"उजवी वढाऽ!" ते ओरडले. होडी वळली, पण लांबून वळली. तेवढ्या फटीतून दुसरी होडी आत घुसली आणि आम्ही होडीच्या अर्ध्या लांबीनं हरलो.

होडी घाटाला लावून सगळे उतरलो. आमच्या संघाचा म्होरक्या द्राक्षबागायतदार आहे, मनानं वाईट नाही. तो म्हणाला, "आप्पा, वळण लांबलं."

"व्हय, लांबलं," आप्पा म्हणाले. "हाताला अंदाजच आला न्हाई बघ."

कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं की वो आता." म्होरक्या माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी त्यांच्या म्होरंच हुता. आप्पांचा हात कापत हुता का?"

मी बनियन पिळत होतो. म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

दोन महिन्यांनी साताऱ्यात फोन आला. पुढच्या वर्षी सुकाणूवर दुसरा माणूस बसणार, असं बैठकीत ठरलं होतं. त्यानंतर मी सहा महिने गावी गेलो नाही. आईला कामाची सबब सांगितली. आई म्हणायची, "आप्पा तुझी इचारपूस करत हुते."

उन्हाळ्यात गेलो आणि थेट त्यांच्या गोठ्यात जाऊन सगळं सांगितलं. ते म्हशीला वैरण टाकत होते. ऐकता ऐकता हातातली पेंढी तशीच राहिली.

"कवापासनं?"

"पिंपाच्या आधी दहा-बारा हात."

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात हवेत सुकाणूसारखा हळूहळू फिरला आणि थांबला. "म्हंजी अंदाज बरोबर हुता," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग आप्पांची बायको, आमच्या काकू, आतून सांगू लागल्या, की हात गेला, हात गेला म्हणत त्यांनी सायकलवरून डेअरीला दूध नेणंसुद्धा सोडलं होतं. मी पाया पडायला वाकलो. आप्पांनी पाय मागं घेतले.

"माझ्याम्होरं बोलून काय उपेग? त्यांच्याम्होरं बोल जा."

संध्याकाळी देवळाच्या आवारात होडीला डांबर लावायचं काम चाललं होतं. सगळे तिथेच होते. मी उभं राहून सांगितलं, की आप्पांची काही चूक नव्हती, मी खोटं वल्हं मारलं. म्होरक्या हसला.

"साहेब, आप्पांनी तुमाला लहानपणी नावंतनं नेलंय, म्हाईत हाय आमाला. पर म्हणून आळ स्वतःवर घेऊ नगा."

"खरंच सांगतोय. मी ओढतच नव्हतो."

"आवं, आमी बघितलंय की! शेवटपत्तोर वल्हं चालू हुतं तुमचं. पयल्या वर्षाच्या गड्याला कवा जमतंय असं?" दुसऱ्यानं पोरांकडे बघून म्हटलं, "बघा रं, शिकलेल्या माणसाचं मन कसं मोठं असतंय." मी आणखी दोनदा सांगितलं. प्रत्येक वेळी माझं मन त्यांना आणखी मोठं दिसत गेलं. सुकाणू ठरल्या माणसाकडेच राहिलं. कुणीतरी चहाचा कप हातात दिला.

परतलो तेव्हा आप्पा दारात बसले होते.

"सांगितलं?"

"सांगितलं. त्यांना खरं वाटत नाही."

"मग काय केलंस?"

मी चपला काढून पायरीवर टेकलो.

"च्या पिलास तितं?"

"व्हय."

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले, भिंतीला टेकवलेली सायकल काढली, दुधाची किटली हँडलला अडकवली आणि माझ्याकडे न बघता डेअरीच्या वाटेला लागले. हात अजिबात कापत नव्हता.