डाव्या पंखाखालचं ठिगळ

विमानांचे फोटो काढायचा छंद, आणि राहायला जळगाव. डाळमिलच्या नोकरीत माझं हसं व्हायला एवढं पुरेसं होतं. आभाळात उंचावरून पांढरी रेघ जायची, तेच आमचं विमान. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नगरपालिकेनं हवाईदलाचं एक जुनं, निवृत्त विमान आणून बागेत सिमेंटच्या खांबावर चढवलं, आणि माझे रविवार तिथेच जाऊ लागले. सेकंडहँड कॅमेऱ्यात मी ते सगळ्या बाजूंनी टिपलं. बायको म्हणायची, "आमचे इतके फोटो असते तर!"

माझे वडील, नाना, तरुणपणी हवाईदलाच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नंतर धरणगावकडच्या आमच्या खेड्यात शेती केली. गावानं त्यांच्या नोकरीवर कधी विश्वास ठेवला नाही. "नाना तठे चाकमा हवा भरे," म्हणून लोक पारावर हसायचे. आता अर्धांगवायूनं ते खाटेला खिळले होते. मी फोटो दाखवले, तसे त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगटच धरलं.

"डावा पंखना खाले ठिगय शे का? रिवेटनी लाइन वाकडी व्हयेल शे. मना हातनं शे ते."

विमान तेच होतं की त्याच जातीचं दुसरं, देव जाणे. पण ते ठिगळ फोटोत दिसलं असतं, तर नाना ते उभ्या गावाला दाखवणार होते. त्यांना दुसरं काही नको होतं.

माझ्या एकाही फोटोत ते नव्हतं. पंखाखाली सगळा काळोख आला होता. एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडे फ्लॅश मागितला, पण लग्नसराई नसली तरी नवरात्राचे कार्यक्रम होते. दसऱ्याच्या दुपारी कुठे तो हाती लागला. मी सायकल दामटत बागेत गेलो.

विमान लखलखत होतं. पालिकेच्या गॅरेजची माणसं दसऱ्याला ट्रक, टँकर धुऊन-पुसून पूजतात, तशीच त्यांनी या विमानाचीही सेवा केली होती. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूची माळ, चाकाला बांधलेलं लिंबू. अंगभर चंदेरी ऑइलपेंट. गॅरेजमधला पत्रे ठोकून सरळ करणारा डेंटर शिडीशेजारी उभा होता, कोपरापर्यंत चंदेरी.

"डाव्या पंखाखाली काही होतं का हो?" मी विचारलं.

"काय तरी वाकडंतिकडं व्हतं, भाऊ. लांबीनी पुट्टी भरीसन घासी टाकं. आते हात फिरावा, काही लागाव नही." मग त्यानं खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातात ठेवली. "सोनं ल्या."

मला भयंकर राग आला. पण दसऱ्याच्या दिवशी, इतक्या प्रेमानं केलेल्या कामाबद्दल, कुणाला काय बोलणार? मी सोनं घेतलं. फ्लॅश मारून फोटोही काढला. पंखाची खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत आली.

नानांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

"हाई आमनं इमान नही," ते म्हणाले. "आमनं इतलं चांगलं कधीच नव्हतं."

मी सगळं सांगितलं. पुट्टी, रंग, डेंटरचं ते 'वाकडंतिकडं'. पुन्हा पुन्हा सांगितलं.

"तू मना पोऱ्या शे," नाना म्हणाले. "तू तेच सांगशी." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर मी बागेत कॅमेरा घेऊन गेलो नाही, आणि त्यांनी विमानाचं नाव काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. स्मशानात चिता पेटल्यावर गावातले एक आबा बाहेरगावच्या पाहुण्याला अगदी मनापासून, डोळे पुसत सांगत होते, "मोठा माणूस व्हता. इमानना चाकमा हवा भरे."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.