होलची कड

माळीकाकांचा राग कुणापासून लपून राहत नसे. तोंडातून ते सहसा चकार शब्द काढत नसत हो, पण हातांचं काय करणार? गोल्फच्या मैदानावर रोज पहाटे नवे होल पाडायचं काम त्यांचं. गवत एकाच जागी झिजू नये म्हणून होलची जागा रोज बदलावी लागते. धारदार नळकांडं जमिनीत दाबायचं, पिळायचं, वर काढायचं आणि निघालेला मातीचा ठोकळा कालच्या होलमध्ये बसवायचा. मन स्वस्थ असलं की होल छान सपाटीवर. घरात काही बिनसलं की थेट उतारावर. मग खेळणारे कपाळाला हात लावून म्हणत, "आज भांड्याला भांडं लागलेलं दिसतंय!"

होलची कड मात्र फक्त त्यांच्या लेकीलाच वाचता येई. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे दवात भिजत हिंडलेली. बाबांनी नळकांडं हिसका देऊन काढलं की कडेचं गवत उसवतं, सावकाश काढलं की कड लोण्यासारखी मऊ लागते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

रागाच्या बाबतीत लेक बापाच्या वरताण. दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत लोकांची बोलणी खायची, वर हसून "बसा ना" म्हणायचं, आणि गिळलेलं सगळं संध्याकाळी मैदानावर खेळताना गोल्फच्या काठीत उतरायचं. मग वीतभरावरचा चेंडूही होलला वळसा घालून जाई. गेल्या आठवड्यात तिने चिडून काठी झाडावर आपटली. दोन तुकडे!

"एवढा राग असेल तर खेळूच नकोस!" माळीकाका गरजले.

"राग तुमच्याकडूनच आलाय," ती म्हणाली.

झालं! तेव्हापासून अबोला. एकाच घरात राहून काकांना लेकीची आठवण येत होती. पण आधी बोलायचं कुणी?

लेक खेळणार होती त्या स्पर्धेच्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की काकांना स्वतःचे बूट दिसेनात. पहिला होल त्यांनी तणतणतच पाडला. दुसराही. जागा मात्र रास्त निवडल्या. स्पर्धेत लेकीशी ना वैर, ना लाड. चालता चालता दव बुटात शिरलं, धुक्यात कुठेतरी एक पक्षी बोलला, आणि त्यांना वाटलं, मागे इवली पावलं वाजताहेत. ते थांबले. मागे कुणीच नव्हतं.

"खरंच की, माझाच राग घेऊन गेलीय पोर," ते पुटपुटले. त्यांना हसू आलं. पाचव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, त्यांनी नळकांडं इतकं हळू वर काढलं की पात्यांवरचं दवही हललं नाही. पुढचे सगळे होल त्यांनी तसेच पाडले.

दुपारी कडेचं गवत कापायचं निमित्त काढून ते लांबून बघत राहिले. लेकीचे ओठ घट्ट मिटलेले, खेळ पार बिघडलेला. काकांचा जीव टांगणीला लागला. आता ही दुसरी काठी मोडणार, आणि आपल्याशी जन्मात बोलणार नाही!

सहाव्या होलमधून चेंडू काढताना मात्र तिचा हात तिथेच थांबला. तिने कडेवरून सावकाश बोट फिरवलं. खांदे सैल झाले. मग प्रत्येक होलला तेच: चेंडू काढायचा, बोट फिरवायचं, श्वास सोडायचा. ती स्वप्नात चालावं तशी चालत होती, आणि चेंडू तिचं ऐकत होता.

शेवटच्या ग्रीनवर तिचा चेंडू होलच्या तोंडाशी येऊन थांबला. एका फटक्याने हरली. काकांनी डोळेच मिटले. काठी मोडल्याचा आवाज काही आला नाही. उघडून बघतात तर लेक जिंकणारीचा हात हातात घेऊन हसत होती. मग ती तडक त्यांच्याकडे आली.

"बाबा, सहाव्या होलला तुमचा राग गेला ना?"

"पाचव्या," काका खाली बघत म्हणाले.

"पाचव्याला मी चिडलेलीच होते, हात लावून बघितलंच नाही." तिने त्यांच्या बाहीवरचं गवत झटकलं. "नाहीतर जिंकले असते."