प्रामाणिक प्रयत्न

वर्षभरात आलेल्या नव्या अल्बमांतून दहा निवडायचे, त्यांना एक ते दहा क्रमांक द्यायचे आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी यादी पक्की करायची, हे मी आणि माझ्या एका मित्राने कॉलेजात असताना सुरू केलं. मी अमरावतीचा, तो अकोल्याचा. हॉस्टेलवर टेपरेकॉर्डर त्याचा होता आणि कॅसेटी माझ्या, त्यामुळे भांडण झालं तरी एकमेकांवाचून भागत नसे. कॉलेज संपलं. तो वडिलांच्या सीट कव्हरच्या दुकानात बसला, मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, सगळं फोनमध्ये आलं. यादी मात्र वीसेक वर्षं चुकली नाही.

नियम कडक होते. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाण्यांचा क्रम न बदलता, तीनदा ऐकायचा. त्यातलं एक ऐकणं तरी हातात दुसरं काम नसताना व्हायला हवं. हा शेवटचा नियम तो कधीच पाळत नसे. दुकानात शिलाई मशीन चालू ठेवून ऐकायचा. मी म्हणायचो, असं ऐकलेलं मोजायचं नाही.

"अबे मास्तर," तो म्हणायचा, "लोकं काय तुह्या कॉलेजात बसून ऐकतात का? मशीनच्या आवाजातूनही जे वर येते, तेच खरं गाणं."

शेवटच्या रविवारी मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी पकडायचो. तो अकोला स्टेशनबाहेर मोटरसायकल घेऊन उभा असायचा. दुकानाच्या वरच घर. भाभी माझ्यासाठी पातोडीची भाजी करून ठेवायच्या आणि आम्ही दोघं दुपारभर भांडायचो. "हा तिसरा काहून? मले तर पहिल्याच गाण्यात झोप येऊन राहिली होती." मग तिसरा पाचवर जायचा, सातवा वर चढायचा. संध्याकाळच्या गाडीआधी दहा नावं ठरायची.

पुढे एका विद्यार्थिनीने मला इंटरनेटवर एक पान काढून दिलं. यादी आणि प्रत्येक अल्बमवर चार ओळी मी तिथे लिहू लागलो. त्याला मी म्हटलं, दोघांची नावं टाकू. तो म्हणाला, "मले लिहिता येत नाही. तू लिही, मी भांडतो." अशी यादी हळूहळू माझी झाली. लोक वाचायला लागले, यंदा पहिला कोण, असं नोव्हेंबरपासून विचारायला लागले. मला ते आवडायचं. मी तोंडदेखलं कुणाचं कौतुक करत नाही, असं एकाने लिहिलं होतं. ते वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर त्याने दुपारी एक लिंक पाठवली. मी स्टाफरूममध्ये होतो. उघडून पाहिलं तर अल्बम होता. वऱ्हाडीतली आठ गाणी. मुखपृष्ठावर काळ्या रेक्झिनवर ठेवलेला एक हात. तो हात मी ओळखला. आवाज सुरू झाल्यावर तोही ओळखला.

मी लगेच फोन लावला. "तू गाणी कधीपासून करतोस?"

"चार वर्षं झाली. सकाळी दुकान उघडायच्या आधी बसतो. तुले मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, पुरं झाल्यावरच दाखवू मास्तरले."

त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मी अभिनंदन केलं. पण फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की चार वर्षं याने मला पत्ता लागू दिला नाही. दर डिसेंबरात समोर बसून दुसऱ्यांच्या गाण्यांवर भांडला आणि स्वतःचं लपवून ठेवलं. आपल्या वऱ्हाडातून एखादा अल्बम यायला पाहिजे, असं मी वर्षानुवर्षं बोलत होतो. तो आला, आणि माझ्याशिवाय आला. हे मला बोचलं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं.

नियमाप्रमाणे तीनदा ऐकलं. वरच्या सुरात त्याचा आवाज थरथरत होता. दोन गाण्यांत शब्द चालीत बसत नव्हते, एकात पंख्याची घरघर आली होती. हे सगळं खरं होतं. पण पाचव्या गाण्याला माझ्या हातातला पेपर तपासायचा राहून गेला होता, हेही खरं होतं. वडिलांच्या मापाच्या टेपवरचं गाणं होतं ते. वडील गेले, टेप खुंटीला राहिली, तिचे आकडे पुसले, तरी मी तिनेच मापतो, असं काहीसं. ठेक्याला शिलाई मशीन आणि वर नुसता त्याचा आवाज. तिसऱ्यांदा ऐकताना मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो.

त्यातलं मी काहीही लिहिलं नाही.

त्या डिसेंबरात मी अकोल्याला गेलो नाही. पेपर तपासायचे आहेत, असं सांगितलं. त्याच्या घरी, त्याच्या समोर बसून त्याचा क्रमांक ठरवायची माझी हिंमत नव्हती. यादी एकट्याने केली. पहिल्या जागी डोंगराकडच्या एका बाईंचा अल्बम, नुसता गळा आणि एक तंतुवाद्य. दुसऱ्या जागी दोन भावांचं सारंगीवादन. तिसरा नागपूरच्या पोरांचा रॅप, ज्याला मी 'धीट' म्हटलं. असे दहा. दहाच्या खाली 'आणखी काही' म्हणून तीन नावं टाकली. त्यातलं शेवटचं त्याचं. पुढे लिहिलं: अकोल्यातल्या एका हौशी गायकाचा प्रामाणिक प्रयत्न. आवाजावर मेहनत हवी.

मैत्री असूनही आपण पक्षपात केला नाही, असं वाटून मी त्या दिवशी चक्क खूश होतो. खाली लोकांनी लिहिलं. एकाने 'हौशी' शब्दाला हसण्याची चित्रं टाकली. दुसऱ्याने विचारलं, तो सीट कव्हरवाला का? मी वाचलं आणि गप्प बसलो. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "बराबर आहे सर."

इतक्या वर्षांत त्याने मला मास्तर म्हटलं, गधा म्हटलं, काय काय म्हटलं. सर कधी म्हटलं नव्हतं.

नंतर मी फोन करायचो, तो उचलायचा. तब्येत विचारायचा, पोरांचं विचारायचा. गाण्याचा विषय निघाला की दुकानात गिऱ्हाईक यायचं.

मे महिन्यात माझे वडील गेले. दर्यापूरजवळच्या गावी ते भाजीपाला पिकवायचे. शेवटपर्यंत सकाळी वांगी तोडायला स्वतः जायचे. कळवल्यावर तो उन्हातान्हात अकोल्याहून आला. खांदा दिला. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "तुमी स्वतःले सांभाळा." त्या गर्दीत, त्या दुःखातही तो 'तुमी' मला स्पष्ट ऐकू आला.

पंधरा-वीस दिवसांनी गावच्या घरी वडिलांचे कपडे काढत बसलो होतो. मला त्याचं ते पाचवं गाणं ऐकावंसं वाटलं. दुसरं कुठलंच नको होतं. फोनवर शोधलं. अल्बम नव्हता. नाव बदलून शोधलं, जुन्या मेसेजमधली लिंक उघडली. तिथेही काही नव्हतं. त्याने तो काढून टाकला होता.

पुढच्या रविवारी न कळवता अकोल्याला गेलो. तो दुकानात फोम कापत होता.

"या सर. बसा."

"सर नको म्हणू रे."

तो हसला. कापणं थांबवलं नाही. मी म्हटलं, माझं चुकलं. मी तेव्हा खरं लिहिलं नाही. पाचव्या गाण्याचं काय झालं होतं ते सगळं सांगितलं. तू लपवलंस म्हणून राग होता, हेही सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"आवाज कच्चाच आहे," तो म्हणाला. "ते मले मालूम आहे. त्याचं नाही वाटलं."

"मग?"

त्याने कात्री ठेवली. "त्या दिवशी मी पोरीले बोलावलं. म्हटलं, मास्तरनं यादी टाकली, वाच. पहिल्यापासून वाच. मले वाटलं, पहिला नसन, तिसरा नसन, पण सातवा-आठवा तर असनच. ती एकेक वाचत गेली. दहा झाले. म्हणे, अब्बू, तुमचं नाही आहे. मी म्हटलं, अजून खाली पाह्य." कापलेले तुकडे गोळा करत म्हणाला, "मंग तिनं ते वाचलं. आन लोकायनं खाली लिहिलं तेही. मी थांब म्हणेपर्यंत वाचून झालं होतं. दुसऱ्या दिवशी मले म्हणे, अब्बू, हौशी मंजे काय?"

वरून भाभींनी चहा पाठवला. आम्ही दोघांनी प्यायला.

"गाणी आहेत ना तुझ्याजवळ?" मी विचारलं.

"आहेत."

"पाचवं एकदा ऐकव. बाबा गेल्यापासून..."

"नाही सर." तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "ते आता घरचं आहे. बाहेर नाही काढत."

त्याने मला स्टेशनवर सोडलं. आधी गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर थांबायचा. या वेळी बाहेरूनच वळला.

त्यानंतर मी पानावर लिहिलं, की मागच्या वर्षीची माझी दोन वाक्यं चूक होती. त्या अल्बममधलं एक गाणं मी वर्षभरात ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं होतं आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. काहींनी लिंक मागितली. मी लिंक नाही म्हणून कळवलं, तर एकाने लिहिलं, मग सांगता कशाला? अकोल्यात त्याने ते वाचलं की नाही, मला कळलं नाही.

यंदा नवे अल्बम फारसे ऐकले नाहीत. ऐकायला बसलो की मनातल्या मनात क्रमांक लागायला लागतात आणि मला ते नकोसं होतं. बायको म्हणाली, "त्यायले फोन करा ना." काय बोलू, म्हटलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सवयीने लवकर जाग आली. बडनेऱ्याला गेलो, अकोल्याचं तिकीट काढलं, गाडीत खिडकीही मिळाली. बाहेर तुरीची शेतं होती. मनात मी वाक्यं जुळवत होतो. पोरीशी बोलू का, तिला सांगू का, की तुझ्या अब्बूंचं गाणं ऐकून मी खिडकीशी उभा राहिलो होतो. पण ते ऐकून ती विचारील, मग तसं का नाही लिहिलं? अर्ध्या वाटेवर मूर्तिजापूर आलं तेव्हा मी उठलो आणि खाली उतरलो. बाकावर बसून एक चहा घेतला. अमरावतीकडची पहिली गाडी आली, तिने परत आलो.