अर्धेलीचा खेळाडू

सगुण नावाचा खेळाडू नेमका कोणाचा होता, या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहावयास बसलो आहे. परंतु सगुणाकडे जाणारी वाट माझ्या थोरल्या साडूंच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, जाते, आणि त्या खळ्यात शिरलेला मनुष्य आपला मूळ प्रश्न शाबूत घेऊन बाहेर पडल्याचे मला आठवत नाही. देण्याची एवढी हौस आणि दिलेले परत येते यावर एवढी श्रद्धा असलेला माणूस मालवणपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. सारी वाडी त्यांना भाऊ म्हणे. भाऊ आपली शिडी शेजाऱ्याला देत आणि मग नारळ पाडण्यासाठी दुसऱ्या शेजाऱ्याची शिडी मागून आणीत. कोणी विचारले तर म्हणत, "आमची शिडी फिराक गेली हा. घरात पडान ऱ्हवली तर वाळवी खायत." एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असता घरातले सगळे पाट असेच फिरायला गेलेले होते. माझ्यासाठी मात्र एक पाट मांडला होता. मी संकोचलो, तेव्हा भाऊ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "बसा मास्तर, तुमचोच पाट आसा." तो खरोखरच माझा होता, माझ्या पत्नीकडून सकाळी नेलेला.

तरुणपणी भाऊ आगबोटीवर होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी फुटबॉलचा सामना पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या खलाशाकडून, अर्ध्या खुणांनी व अर्ध्या शब्दांनी, असे समजून घेतले की तिकडचे मोठे संघ आपली कोवळी मुले एखाद्या हंगामापुरती लहान संघांना देतात आणि तयार झाल्यावर परत घेतात. दुसऱ्या कोणी ते ऐकून सोडून दिले असते. भाऊंना मात्र वाटले की ही तर आपली अर्धेली! वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आमच्याकडे ज्याच्या घरी पाडी असते पण चारा नसतो, तो ती दुसऱ्याच्या गोठ्यात वाढवायला देतो. पाडीची गाय झाली की तिच्यावर दोघांचा अर्धा अर्धा हक्क राहतो. ही पद्धत गुरांच्या बाबतीत अत्यंत समंजस आहे. ती माणसांना लावू नये, असे कोठे लिहिलेले नसल्यामुळे पुढील घोटाळा झाला.

आगबोट सोडून घरी आल्यावर भाऊंनी आपल्या खळ्यात मुलांची तालीम सुरू केली. मे महिन्यात खळ्यात कोकमाची सोले वाळत घातलेली असत, आणि त्या सोलांमधून चेंडू पायाने न्यायचा, एकही सोल चिरडता कामा नये, हा पहिला पाठ असे. दुसरा पाठ म्हणजे परगावी जाणे. गोव्याची हद्द त्या वर्षांत बंद होती, म्हणून इन्सुलीच्या पुढे भाऊंची योजना जाऊ शकली नाही. एरवी त्यांनी जामसंड्यापासून खाली दिसेल त्या वाडीला मुले दिली. मी शिक्षकाच्या नात्याने एकदा विचारले की मुले घरीच का शिकू नयेत. भाऊ म्हणाले, "पोरगो दावणीक बांधून ठेवलो तर तो चरतलो खंय?" परिणाम असा झाला की एका हंगामात आमच्या वाडीच्या संघात सगळी मुले परगावची आणि समोरच्या संघात सगळी मुले आमची, असा सामना कापणी झालेल्या मळ्यात खेळला गेला. आमच्या वाडीचे आईबाप प्रतिपक्षाचा जयजयकार करीत होते. आम्ही जिंकलो, आणि वाडीत त्या रात्री कोणी कोणाशी नीट बोलले नाही. भाऊ तेवढे प्रसन्न होते. "दोनय बाजूंनी आपलीच पोरां! हराक कोण ऱ्हवलो सांगा?"

या सगळ्या मुलांत सगुण निराळा होता. त्याची आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकी. नवऱ्यामागे एक लहानशी होडी आणि हा मुलगा, एवढेच तिचे होते. भाऊंनी सगुणाला खाडीपलीकडच्या वाडीला दोन पावसाळ्यांच्या मुदतीने द्यायचे ठरवले, तेव्हा ती पाटी घेऊन थेट खळ्यात आली.

"भाऊनु, माझो झील म्हणजे काय तुमची पाडी? तेका अर्धेलीक देतास?"

"अगो, खाडयेपलीकडेच तर जाता. मुदत सरली की तुझ्या दारात येतलो."

"येतलो तेव्हा येतलो. तोवर माझी होडी कोण ओढतलो? तुमी?"

भाऊंनी मान डोलावली, आणि भाऊ शब्दाला जागणारे होते. दुसऱ्या सकाळी ते धोतर खोचून खरोखरच किनाऱ्यावर हजर झाले. थोड्याच वेळात ती म्हणाली, "जावा भाऊनु घराक. होडी ओढूक एक पुरे, तुमका ओढूक आनी दोघे होये." पण तिने सगुणाला जाऊ दिले. होडी दिराच्या मुलांनी सांभाळली, आणि सगुण पलीकडच्या वाळूवर असा काही वाढला की होडीवाले त्याचा खेळ पाहण्यासाठी फेऱ्या खोळंबवून ठेवू लागले.

मुदत संपली आणि नेमका त्याच आठवड्यात दोन्ही वाड्यांचा सामना ठरला. पलीकडचे म्हणाले, "आमी खावक घातला, आमी वाढयलो. सणाच्या दिवशी कोण गाय सोडून नेता?" भाऊंना हे म्हणणे पूर्णपणे पटले, आणि आपला हक्कही तितकाच पटला. गुरांच्या बाबतीत अशा वेळी मोल करून वाटणी होते. सगुणाचे मोल कोण करणार? तेव्हा असे ठरले की मध्यंतरापर्यंत तो पलीकडच्यांकडून खेळेल आणि मध्यंतरानंतर आमच्याकडून. शाळेची शिटी माझ्याकडे असल्यामुळे पंचाचे काम माझ्याकडे होते. खेळाच्या नियमांत अशी तरतूद नाही, हे मी पुस्तक उघडून दाखवले. भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमच्या पुस्तकात अर्धेली नाय, ह्यो पुस्तकाचो दोष."

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण मैदानावर ती आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. सगुणाने मात्र बाजूबरोबर संघही बदलला. म्हणजे पूर्वार्धात ज्या माडांकडील गोलावर तो चाल करीत होता, त्याच गोलावर उत्तरार्धातही करीत राहिला. पलीकडच्यांचा पांढरा सदरा उतरवून, मासळीच्या जाळ्यांसारखा ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेला आमचा तांबूस सदरा त्याने चढवला, एवढाच काय तो फरक. पूर्वार्धात त्याने आमच्यावर गोल केला तेव्हा त्याच्या आईने टाळी वाजवली आणि शेजारणीने तिचा हात धरला. "गो, तो आपल्यार पडलो!" उत्तरार्धात त्याने त्याच खांबांमधून दुसरा गोल केला, या वेळी टाळी शेजारणीने वाजवली. भाऊ बांधावर दोन्ही वेळा सारखेच नाचले. सामना बरोबरीत सुटला. सगुणाला मी विचारले, "तुला काही गोंधळ नाही वाटला?" तो घाम पुसत म्हणाला, "कसलो गोंधळ मास्तर? माझो गोल थंयच होतो."

तो सामना पाहायला मुंबईच्या एका कारखान्याच्या संघासाठी मुले हेरणारे एक गृहस्थ आले होते. सासुरवाडीला म्हणून आले आणि मळ्यापर्यंत पोचले. नोकरी आणि खेळ दोन्ही मिळेल, असे सांगून त्यांनी विचारले, "हा मुलगा कोणाचा?" दोन्ही वाड्या एकदम "आमचो!" म्हणाल्या. भाऊ पुढे सरसावले. "देतलंव, पण अर्धेलीन." गृहस्थांनी गंभीरपणे विचारले, "अर्धेलीने म्हणजे? आठवड्यातून तीन दिवस?" कोणी हसले नाही. मुंबईला गेलेली माणसे कशी परत येतात, ते सगळ्यांना ठाऊक होते. मे महिन्यात, पेटी घेऊन, पाहुण्यासारखी. भाऊ वळले आणि बांधाखाली पाटीजवळ बसलेल्या सगुणाच्या आईकडे हात करून म्हणाले, "तिका इचारा."

तिने मुलाकडे पाहिले. तो अजून तांबूस सदऱ्यातच होता.

"शिरा पडली तुमच्या अर्धेलीर," ती शाप दिल्यासारखी म्हणाली. "अर्धो हय, अर्धो थंय, असो झील माका नको. जायत तर आख्खो जांव दे."

आणि पाटी उचलून ती होडीच्या दिशेने चालू लागली.

कणकवलीच्या स्टँडवर सगुणाला पोचवायला भाऊ आणि मी गेलो. गाडी सुटल्यावर मी सवयीने विचारले, "मुदत किती ठरली?" भाऊ म्हणाले, "मुदत घालूक अर्धो तरी आपलो ऱ्हवाक होयो होतो, मास्तर." त्यानंतर तालीम चालली, मुले आली, पण भाऊंनी एकही मुलगा परगावी दिला नाही. कोणी मागितला तर म्हणत, "बघया," आणि बघत नसत. त्यांना जाऊन आता काही वर्षे झाली.

सगुणाचे पाय कोणी घडवले, हे मी पुढे सवडीने विचारून पाहिले. आमची वाडी म्हणते, भाऊंच्या खळ्याने. पलीकडची म्हणते, आमच्या वाळूने. त्याची आई म्हणते, दोघेही खोटे, होडी पाण्यात ढकलता ढकलताच तो शिकला. तिन्ही उत्तरे मी शेजारी शेजारी मांडून पाहिली. ती जुळत नाहीत, आणि एकही चुकीचे ठरत नाही. वाचकांपैकी कोणी त्या खाडीवरून गेल्यास कृपया दोन्ही काठांवर उतरून स्वतः विचारावे.