खिडकीच्या चौकटीचे कान

आमचे साडू विमानं बनवतात, असं माझी बायको चारचौघांत सांगते. साडू लगेच दुरुस्ती करतात, "मी कुठला बनवतोय? कशानंतर काय कापायचं, तेवढं ठरवतो."

विमानाचा एखादा भाग आधी ॲल्युमिनियमचा भलामोठा ठोकळा असतो. त्यातलं नको ते मशीननं कापून काढलं की हवा तो भाग उरतो. पण आधी कुठली बाजू, मग कुठली, आणि त्या त्या वेळी त्याला धरायचं कुठे, हे कुणीतरी आधीच ठरवून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आमचे साडू.

त्यांची रीत उलटी. डोळे मिटायचे, तयार भाग समोर आणायचा आणि कापलेला कीस परत त्याच्या अंगाला चिकटवत चिकटवत मागे, पार ठोकळ्यापर्यंत जायचं. एकदा भर मीटिंगमध्ये नव्या मॅनेजरनं शेजाऱ्याला विचारलं, "झोपलेत का हे? उठवू?"

"नका उठवू," शेजारी कुजबुजला, "निम्म्या वाटेवर असतील."

घरी मात्र हा माणूस जरा अवघड. बटाटा सोलायला दिला की हातात घेऊन बघतच बसणार.

"अहो, बटाटा आहे तो. भविष्य काय बघताय त्याचं?" मेव्हणी म्हणते.

"सगळा सोलल्यावर धरायचा कुठे, ते बघतोय. निसटतो गं."

"दातांत धरा!"

थट्टा सोडा, पण त्यांचा सगळा धंदा याच प्रश्नावर उभा आहे. नाजूक भाग असला, की त्याच्या कडेला दोन जाड तुकडे मुद्दाम ठेवायचे. कारखान्यात त्यांना कान म्हणतात. मशीननं या कानांना धरून बाकीचं सगळं कापायचं आणि कान अगदी शेवटी उडवायचे.

मग ती चौकट आली. विमानाच्या खिडकीभोवती बसणारी, लांबट गोल, भिंती पुठ्ठ्याएवढ्या पातळ. तिच्यासाठीचा ठोकळा खास घडवून आणलेला, एकुलता एक. दुसरा यायला कित्येक महिने, आणि तिकडे विमान खिडकीला भोक ठेवून वाट बघत उभं. साडूंनी डोळे मिटले. चौकट समोर आली. तिच्यातून आभाळ दिसत होतं म्हणे, आणि कडेकडेनं एक ढग सरकत होता. इतकी देखणी दिसली, की तिला परत ते ओबडधोबड कान लावायला त्यांचं मनच होईना. एक पायरी ते तिला तशीच, कानांशिवाय, मागे घेऊन आले. मग भानावर येऊन कान लावले.

त्यामुळे कागदावर कान शेवटच्या कापाच्या आधीच उडाले, आणि तपासणाऱ्यांच्याही नजरेतून ते सुटलं. चूक कळली ती मशीनवरच्या पैलवानामुळे. हा पैलवान म्हणजे बोटाएवढा किरकोळ माणूस, पण टनाटनाचे ठोकळे फिरवतो म्हणून ते नाव. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, आतली खाच कापायची राहिलीय. आणि कान तर तुम्ही आधीच उडवायला लावलेत. आता हिला धरू कुठे?"

साडूंचाच प्रश्न त्यांच्याच पुढ्यात. भिंतींना धरावं तर त्या चेपणार. न धरावं तर खाच होणार नाही आणि चौकट भंगारात.

रविवारी मी आणि बायको त्यांच्याकडे गेलो, तर साडू खिडकीशी बसलेले. चहा निवून गेलेला. मेव्हणी हळूच म्हणाली, "बटाट्यालासुद्धा विचारत नाहीत हो आता." मी आपला पाण्यात बर्फ घ्यायला फ्रीजकडे गेलो. वरच्या बर्फाच्या कप्प्यात मेव्हणी वाटीभर पाण्यात चमचा विसरली होती. मी चमचा ओढला, तर वाटीही वर आली.

"भाऊजी, तोडाल चमचा!" मेव्हणी ओरडली.

साडूंनी मान वळवली. लोंबणाऱ्या वाटीकडे ते बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. आम्ही तिघं पुतळ्यासारखे उभे. वाटी धरून माझा हात भरून आला, पण हलायची बिशाद नव्हती.

"बर्फ नको," ते बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेण."

दुसऱ्या दिवशी ते क्वालिटीच्या बाईंकडे गेले. या बाई स्वतःच्या सावलीचंही माप घेतील.

"चौकट मेणात बुडवणार? आणि मेण थंड होताना आकसलं, भिंती ओढल्या, तर?"

"थोडं थोडं ओतेन. पहिला थर निवला की दुसरा."

"आधी भंगारातल्या तुकड्यावर करून दाखवा. मग डिझाइनवाल्यांना विचारू."

तुकडा सरळ निघाला. डिझाइनवाल्यांनी होकार दिला.

मग ती दुपार. चौकट एका तबकात ठेवलेली, साडू वाकून मेण ओततायत. सगळ्या कारखान्याला मेणबत्तीचा वास. पारदर्शक थर निवताना हळूहळू धुरकट होत जातो, मग पुढचा थर. यंत्रांची घरघर लांबून आल्यासारखी. चौकट त्यात अशी बुडत गेली, जशी दाट धुक्यात एखादी खिडकी दिसेनाशी व्हावी. पैलवान पुटपुटला, "निजली बघा." नंतर त्यानं तबक मशीनला घट्ट आवळलं, चौकटीची जागा पुन्हा चाचपून घेतली आणि खाच कापली.

गरम पाण्यात मेण सुटलं. बाईंनी मापं घेतली, परत घेतली.

"बसतंय मापात," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी?"

"कान शेवटी."

"आणि पुन्हा देखणी दिसली तर?"

साडू लाजले. या वयात, चारचौघांत, चक्क लाजले!

संध्याकाळी त्यांच्या खिशातून मेणाचा एक तुकडा निघाला. त्यावर चौकटीच्या कडेचा वळसा उमटलेला. तो खिडकीत ठेवून ते त्या रिकाम्या वळशाकडे बघत बसले. मेव्हणीनं हातात बटाटा दिला.

त्यांनी तो अलगद सोलला, दोन टोकांना सालीचे दोन ठिपके ठेवून.

"आणि हे कोण काढणार?"

"थांब गं," साडू डोळे मिटत म्हणाले, "आधी फोडी होऊ देत."